पर्वतीच्या पायथ्याशी जळलेली दारूची लंका

उन्हाळ्याची सुटी आणि गावोगावच्या जत्रा यांची गाठ आपल्याकडे पूर्वापार आहे. चैत्र-वैशाखात पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतून जत्रांची पत्रके निघतात. पालखी, छबिना, कुस्त्यांचा आखाडा आणि तमाशा यांच्या जोडीला त्यांत एक ओळ बहुधा असतेच: ‘रात्री शोभेचे दारूकाम’. गावाबाहेरच्या माळावर, तळ्याकाठी किंवा देवळामागच्या मोकळ्या रानात हे दारूकाम होते आणि सारा गाव एका जागी बसून ते पाहतो. दिवाळीत प्रत्येकाने आपापल्या दारात फटाके उडवायचे, ही शहरी रीत यापेक्षा पुष्कळ वेगळी आणि त्या मानाने अलीकडची.

सर्व गावाने मिळून आतषबाजी पाहण्याची ही प्रथा किती जुनी आहे? या प्रश्नाचा शोध ज्या माणसाने सर्वांत चिकाटीने घेतला, तो पुण्यातच राहत होता. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी १९१९पासून १९६१मध्ये निधन होईपर्यंत तेथील हस्तलिखितांचा सांभाळ केला. सांभाळता सांभाळता त्यांनी ती वाचली आणि राजेरजवाड्यांच्या इतिहासात ज्यांना जागा मिळत नाही अशा नथ, मेंदी, तंबाखू यांसारख्या वस्तूंचा इतिहास लिहिला. १४०० ते १९०० या पाचशे वर्षांतील भारतातील आतषबाजीचा इतिहास सांगणारी त्यांची इंग्रजी पुस्तिका १९५३मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कल्चर या संस्थेने प्रसिद्ध केली. या पुस्तिकेत पुण्यातील एका रात्रीची हकीकत आहे. तीच या लेखाचा विषय होय.

औषध म्हणजे दारू

त्या रात्रीकडे वळण्यापूर्वी शब्दांकडे थोडे पाहू. शब्द हेही इतिहासाचे साधनच असते.

‘दारू’ हा शब्द फारसी असून त्याचा मूळ अर्थ औषध असा आहे. ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अर्थ अजून टिकून आहे. बंदुकीच्या दारूला चिनी भाषेत जे नाव आहे, त्याचाही शब्दशः अर्थ ‘आगीचे औषध’ असाच होतो. तमिळमध्ये ‘मरुंदु’ हा एकच शब्द औषधालाही चालतो आणि स्फोटक दारूलाही. एवढ्या दूरच्या भाषांनी या काळ्या भुकटीला औषध का म्हणावे? कारण सोरा, गंधक आणि कोळसा यांचे हे मिश्रण प्रथम हाताळले ते औषधे व रसायने कुटणाऱ्या लोकांनी. चीनमध्ये नवव्या शतकाच्या सुमारास त्याची ओळख झाली आणि १०४४च्या एका चिनी लष्करी ग्रंथात त्याच्या कृती लिहिलेल्या आढळतात. तेथून ही विद्या मध्य आशिया व पश्चिम आशियात गेली आणि अनेक वाटांनी भारतात आली.

‘आतषबाजी’ म्हणजे आगीचा खेळ. हाही शब्द फारसी. पण ‘बाण’, ‘नळा’ आणि ‘चंद्रज्योत’ हे शब्द आपले. त्यातही ‘बाण’ हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. अठराव्या शतकात शत्रूच्या घोडदळावर सोडायच्या अग्निबाणालाही बाणच म्हणत आणि लग्नाच्या मांडवापुढे आकाशात जाणाऱ्यालाही बाणच. कारागीर, साहित्य आणि तंत्र दोन्हीकडे जवळपास एकच होते. सणासुदीच्या आतषबाजीमागे एक शस्त्रागार उभे असे, याची ही भाषेने ठेवलेली नोंद आहे.

ग्रंथांतील आतषबाजी

गोडे यांनी जमवलेले जुने उल्लेख कालक्रमाने मांडले की एक चित्र उभे राहते. १४४३मध्ये विजयनगरला आलेला इराणी वकील अब्दुर रझ्झाक याने तेथील महानवमीच्या उत्सवातील आतषबाजीची नोंद केली आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज प्रवासी दुआर्ते बार्बोसा याने गुजरातेतील लग्नात उडवल्या जाणाऱ्या बाणांचा उल्लेख केला. ओरिसाचा गजपती राजा प्रतापरुद्रदेव १४९७मध्ये गादीवर आला. त्याच्या नावावरच्या ‘कौतुकचिंतामणी’ या संस्कृत ग्रंथात तर आतषबाजीच्या प्रत्यक्ष कृतीच दिल्या आहेत. सोरा, गंधक, निरनिराळ्या झाडांचे कोळसे, लोखंडाचा व पोलादाचा कीस, हरताळ आणि पोकळ बांबूच्या नळ्या असे साहित्य त्यात येते. कल्पवृक्षबाण, चामरबाण, चंद्रज्योती, पुष्पवर्ती अशी त्यातील नावे आहेत. आजच्या फटाक्यांच्या वेष्टनांवरील नावांपेक्षा ती अधिक देखणी वाटतात.

मराठीतला महत्त्वाचा उल्लेख संत एकनाथांचा आहे. सोळाव्या शतकात रचलेल्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’त श्रीकृष्णाच्या विवाहप्रसंगी आतषबाजीचे वर्णन येते. कृष्णाच्या काळी बंदुकीची दारू होती, असा अर्थ यावरून कोणी काढू लागला, तर वर्गात आपण काय सांगावे? कवी हा पुराणातील लग्नाला आपल्या काळातले कपडे आणि आपल्या काळातला थाट चढवतो. त्यामुळे हा उल्लेख कृष्णकाळाचा पुरावा होत नाही. एकनाथांच्या काळी थाटाच्या लग्नात आतषबाजी असे, याचा मात्र तो उत्तम पुरावा होतो. ग्रंथ ज्या काळाविषयी बोलतो त्यापेक्षा ज्या काळात लिहिला गेला त्याविषयी अधिक खात्रीने सांगतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे एक सूत्र कळले तरी पुष्कळ झाले.

लंकादहनाची रात्र

आता पुण्याकडे येऊ. ‘पेशव्यांची बखर’ हा कृष्णाजी विनायक सोहनी यांचा ग्रंथ. त्यात आलेली हकीकत गोडे यांनी आपल्या पुस्तिकेत दिली आहे. तिचा सारांश असा:

महादजी शिंदे पुण्यास असताना त्यांनी तरुण पेशवे सवाई माधवराव यांना राजपुतान्यातील कोट्याच्या दिवाळीचे वर्णन सांगितले. तेथे चार दिवस दिवाळी चालते, लाखो दिवे लागतात आणि तेथला राजा नगराबाहेर ‘दारूची लंका’ करवतो. मध्यभागी रावणाची प्रतिमा, भोवती राक्षस आणि वानर, आणि एक मोठा मारुती. या सर्वांच्या पोटात दारू भरलेली. मारुतीच्या शेपटीला बत्ती दिली की तो हवेत उडतो आणि लंकेतील एकेक घर पेटवत जातो. हे ऐकून पेशव्यांनी तसाच खेळ आपल्यालाही दाखवावा अशी आज्ञा केली. महादजींनी थोड्याच दिवसांत सारी तयारी करवून पर्वतीच्या पायथ्याशी लंका उभी केली. एका अंधाऱ्या रात्री पेशव्यांनी सरदारांसह तो खेळ पाहिला आणि पुण्यातील असंख्य लोकांनीही टेकडीवरून तो पाहिला.

बखरी वाचताना सावध राहावे लागते. ही बखर पेशवाई बुडाल्यानंतर, एकोणिसाव्या शतकात लिहिलेली आहे. लिहिणाऱ्याच्या मनात गेलेल्या वैभवाची हळहळ असणे स्वाभाविक आहे. म्हणून तिच्यातील हकीकत खरी की खोटी असा एकदम निकाल देण्याऐवजी तिची एकेक बाजू तपासून पाहिली पाहिजे. हे काम वर्गातही करता येण्यासारखे आहे.

पहिली बाजू काळाची. महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यास आले जून १७९२मध्ये आणि १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडी येथे त्यांचे निधन झाले. म्हणजे ही रात्र त्या वीस महिन्यांतलीच असली पाहिजे. त्यातून पावसाळ्याचे महिने वजा करावे लागतील. कारण दारू ओल धरते आणि कागदाच्या व बांबूच्या प्रतिमा पावसात टिकत नाहीत. उरतात ऑक्टोबर १७९२ ते मे १७९३ आणि ऑक्टोबर १७९३ ते फेब्रुवारी १७९४ हे दोन कालखंड. ‘अंधारी रात्र’ या दोन शब्दांवरून अमावास्येच्या आगेमागेच्या तिथी घेतल्या, तर शक्य रात्रींची संख्या आणखी कमी होते. पेशव्यांचा जन्म एप्रिल १७७४चा. म्हणजे तेव्हा त्यांचे वय अठरा-एकोणीस वर्षांचे. आजच्या भाषेत बोलायचे तर महाविद्यालयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातला मुलगा. मारुती उडताना पाहण्याची हौस त्या वयाला शोभणारीच आहे.

दुसरी बाजू राजकारणाची. महादजी पुण्यास आले ते बादशहाकडून मिळालेली वकील-इ-मुतलक ही पदवी पेशव्यांना अर्पण करण्याच्या निमित्ताने. पण दरबाराची सूत्रे नाना फडणीसांच्या हातात होती आणि महादजींना तरुण पेशव्यांचा विश्वास मिळवायचा होता. नानांची शिस्त एकीकडे आणि महादजींच्या शिकारी व उत्तरेकडच्या सुरस गोष्टी दुसरीकडे, अशी ही ओढाताण होती. दारूची लंका या ओढाताणीत नेमकी बसते.

तिसरी बाजू जागेची. पर्वतीच्या पायथ्याशी तेव्हा मोठे तळे होते. नानासाहेब पेशव्यांच्या काळी आंबिल ओढा अडवून ते केले गेले आणि त्यातील बेटावर १७८४मध्ये सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत गणपतीचे देऊळ झाले. आज त्या जागी सारसबाग आहे. पण जुने पुणेकर तेथल्या देवाला अजूनही तळ्यातला गणपती म्हणतात. शहरात लाकडी वाडे आणि गवताची छपरे दाटीने उभी होती. खुद्द शनिवारवाड्याला १७९१मध्ये आग लागल्याची नोंद आहे. अशा शहरापासून दूर, मोकळे मैदान आणि जवळ पाणी असलेली जागा निवडणे हे शहाणपणाचेच होते. वर एकशेतीन पायऱ्यांची टेकडी म्हणजे निसर्गाने बांधलेली प्रेक्षकांची गॅलरी. पुढे बसलेल्याचे डोके मागच्याच्या आड येत नाही, आणि आगीपासून अंतरही राखले जाते.

या तिन्ही बाजू जुळतात. आकडे आणि थाट यांत बखरकाराने थोडी भर घातली असेल; पण हकीकतीचा गाभा पटण्याजोगा आहे. ज्येष्ठ विद्यार्थ्यांना पुढे जायचे असेल तर इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याचा पुण्याहून झालेला पत्रव्यवहार छापलेला आहे. गो. स. सरदेसाई यांनी तो संपादित केला. एकाच काळाकडे बखरकार कसा पाहतो आणि परका वकील कसा पाहतो, याची तुलना फार उद्बोधक ठरते.

मारुती उडाला कसा?

मारुती हवेत उडतो, हे कवित्व की तंत्र? तंत्र शक्य आहे. बाणातील दारू जळते, तिचा गरम वायू नळीच्या तोंडातून मागे जोराने बाहेर पडतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने नळी पुढे सरकते. हा न्यूटनचा तिसरा नियम. असा बाण ताणलेल्या दोरीवर अडकवला तर तो दोरीच्या वाटेनेच धावतो. सतराव्या शतकातील युरोपीय पुस्तकांत दोरीवरून धावणाऱ्या आगीच्या ड्रॅगनची चित्रे आहेत. दोरीच्या टोकाशी एक घर, तेथून वातीने जोडलेले दुसरे, असे केले की एका बत्तीत सारी लंका क्रमाने पेटवता येते. अंधाऱ्या रात्री दोरी दिसत नाही, दिसतो तो फक्त मारुती. अंधाराची निवड का केली असेल, याचेही उत्तर येथे मिळते.

दुसरा प्रश्न रंगांचा. विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर आजची लाल-हिरवी-निळी आतषबाजी येईल. पर्वतीची लंका तशी नव्हती. सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या ज्वालेचे तापमान गडद रंग दाखवण्यास पुरेसे नसते. तिच्यातून नारिंगी-पिवळा उजेड मिळतो. लोखंडाचा कीस घातला तर सोनेरी ठिणग्या पडतात, हरताळाने उजेड पांढरा होतो. म्हणजे लंका जळाली ती सोन्याच्या आणि निखाऱ्याच्या रंगात. सोन्याच्या लंकेला ते शोभूनही दिसले असेल.

गडद रंगांसाठी अधिक जोमाने ऑक्सिजन देणारा पदार्थ हवा होता. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थोले याने १७८६च्या सुमारास पोटॅशियम क्लोरेट तयार केले. पण शोभेच्या दारूत त्याचा वापर रुळायला १८३०च्या आसपासचा काळ उजाडावा लागला. लाल रंग देणाऱ्या स्ट्राँशियमची गोष्ट तर आपल्या कथेच्या अगदी शेजारची आहे. स्कॉटलंडमधील एका खाणीच्या खनिजात वेगळेच द्रव्य असून त्याची ज्वाला लाल होते, हे थॉमस चार्ल्स होप याने एडिंबरोच्या विद्वानांपुढे मांडले ते नोव्हेंबर १७९३मध्ये. तेव्हा महादजी पुण्यातच होते. एकीकडे जुन्या विद्येची परमावधी आणि दुसरीकडे नव्या विद्येची पहिली ज्वाला, अशी ही समकालीन चित्रे आहेत. पुढे बेरियमने हिरवा, तांब्याने निळा, मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम यांनी झगझगीत पांढरा प्रकाश आणला.

नव्या रंगांची किंमतही मोजावी लागली. क्लोरेट आणि गंधक एकत्र आले की ते मिश्रण नुसत्या घर्षणानेही पेट घेते. भारतात या मिश्रणाच्या फटाक्यांवर १९९२मध्ये बंदी आली, ती अनेक कामगारांचे जीव गेल्यानंतर. जुन्या काळीही हा धंदा निर्धोक नव्हता. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये २७ एप्रिल १७४९ रोजी तहाच्या आनंदाप्रीत्यर्थ राजाने आतषबाजी करवली. हँडेलने तिच्यासाठी खास संगीत रचले. ते संगीत अजून वाजवले जाते. पण त्या रात्री दारूकामासाठी उभारलेल्या मंडपाचा एक भाग पेटला होता. राजांची आणि संगीतकाराची नावे आपल्याला पाठ असतात; मंडप बांधणारे, नळ्यांत दारू ठासणारे हात मात्र इतिहासात क्वचितच दिसतात. पर्वतीच्या लंकेबाबतही आपण नावे घेतो ती पेशव्यांची आणि शिंद्यांची. शिवकाशीच्या कारखान्यांत आज जे राबतात, त्यांचे ते पूर्वज धंद्याच्या नात्याने लागतात.

एक आग की लाख आगी?

या कथेतून आजच्या काळासाठी काही निघते का? आमच्या मते निघते. पर्वतीच्या रात्री संपूर्ण शहरासाठी एकच आतषबाजी झाली: शहराबाहेर, पाण्याजवळ, जाणत्या कारागिरांच्या हातून, ठरल्या वेळी. आज दिवाळीत शहरातील लाखो घरांसमोर लाखो आगी पेटतात. धूर अरुंद गल्ल्यांत कोंडतो, आवाज रुग्णाच्या खिडकीशी होतो आणि फटाका असतो तो बहुधा लहान मुलाच्या हातात. फटाका फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज होता कामा नये, असा नियम १९९९मध्ये झाला. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८च्या निकालात फटाक्यांच्या वेळा ठरवून दिल्या आणि ठरावीक मोकळ्या जागी सर्वांनी मिळून फटाके उडवण्याची शक्यता तपासावी, असेही सांगितले. ही सूचना नवी वाटली, तरी आपल्या जत्रांना आणि जुन्या पुण्याला ती परकी नाही.

अर्थात जुन्या काळाचे सोवळे चित्र रंगवण्याचे कारण नाही. एका रात्रीच्या करमणुकीवर किती दारू आणि किती पैसा जळाला असेल, याचा विचार विद्यार्थ्यांनी करावा. शिवाय सवाई माधवरावांचा शिकारखानाही पर्वतीच्या पायथ्याशीच होता. तेथल्या प्राण्यांची त्या रात्री काय अवस्था झाली असेल, हाही प्रश्न वर्गात विचारण्याजोगा आहे. एकत्र पाहण्याच्या आतषबाजीतही धूर होतोच. तो कमी होतो आणि दूर होतो, एवढेच.

सुटीत करण्यासारखे

शिक्षक मित्रांनी विद्यार्थ्यांना सुटीत पुढील उपक्रम सुचवावेत. यांतील एकाही उपक्रमात दारूला हात लावायचा नाही. सुरक्षित अंतरावरून पाहायचे आणि वहीत लिहायचे, इतकेच.

पहिला: गावच्या जत्रेतील दारूकाम पाहताना प्रकाश दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. त्यावरून आतषबाजी किती दूर आहे ते काढावे. पर्वतीपासून शनिवारवाडा सरळ रेषेत अडीच किलोमीटरपेक्षा थोडा अधिक दूर आहे. पर्वतीचा बार वाड्यात ऐकू आलाच असेल, तर तो उजेडानंतर साडेसात-आठ सेकंदांनी आला असता.

दुसरा: दिसलेल्या प्रत्येक रंगासमोर तो कोणत्या मूलद्रव्याचा असावा ते लिहावे आणि १७९३मध्ये कोणते रंग दिसू शकले नसते, त्यांवर खूण करावी.

तिसरा: गावातील वृद्धांना विचारून दारूकाम कोठे होत असे, कोणती कुटुंबे ते करीत, त्या नळ्यांना आणि बाणांना कोणती नावे होती, याची यादी करावी. तांत्रिक शब्दांसकट ही माहिती लवकर नाहीशी होत आहे. गोडे यांनी हस्तलिखितांतून जे जमवले, त्याच्या पुढचे पान अशा याद्यांतून लिहिता येईल.

आणि ज्यांना जत्रेला जाणे जमणार नाही, त्यांनी एखाद्या संध्याकाळी पर्वतीच्या पायऱ्या चढाव्यात. वरून सारसबागेकडे पाहावे, तेथे पाणी होते अशी कल्पना करावी, आणि लंका नेमकी कोठे उभारली असती तर सर्वांना दिसली असती, याचा नकाशा वहीत काढावा.